पाहुण्या कोंबड्या

लसवालीने खुराड्याचं दार उघडलं. ताईने ठेवायला दिलेल्या तीन कोंबड्यांपैकी तांबडी कोपऱ्यात बसली होती आणि तिची मान मागे वळून पाठीवर टेकली होती. कुणी पिळून ठेवावी तशी. लसवालीने दाण्याची वाटी वाजवली. बाकीच्या धावल्या. तांबडीही उठली, दोन पावलं उलटी चालली, स्वतःभोवती गोल फिरली आणि पडली.

मानमोडी, कोंबड्यांचा राणीखेत रोग. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात हे चित्र तिने भिंतीवर पाहिलं होतं. त्यात आणि समोरच्यात फरक एवढाच, की चित्रातली कोंबडी तिच्या ताईची नव्हती.

मागे स्वयंपाकघरात, बर्फाच्या थर्मासमध्ये, लसीची बाटली तयार होती. हात साबणाने धुऊन तिने पावडर पाण्यात विरघळवली त्याला दहा मिनिटं झाली होती. विरघळवलेली लस दोन तास टिकते, पुढे ते नुसतं रंगीत पाणी. आधीच्या लसीचा जोर चार महिन्यांत ओसरला होता आणि आज अकरा घरांत फिरून तीनशेच्या वर पक्ष्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा होता. या अकरा घरांनी आणि बाराव्या तिच्या घराने मिळून तीन वर्षांत हा कोंबडीपालनाचा गट उभा केला होता. आधी दर उन्हाळ्यात निम्म्या कोंबड्या मरायच्या आणि उरलेल्या जेमतेम अंडी द्यायच्या. लस सुरू झाल्यापासून अंडीवाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा वळणावर थांबत होती. गाडी थांबायची ती लसवालीच्या शब्दावर.

आणि नियमही तिनेच सगळ्यांना पाठ करून घेतला होता: बाहेरचा पक्षी आला तर चौदा दिवस वेगळा. ताई आठ दिवसांपूर्वी आली. म्हणाली, आमच्याकडे दोन घरांत कोंबड्या मरायला लागल्यात, या तीन तेवढ्या वाचव. सख्ख्या बहिणीला दारातून परत कसं पाठवायचं? लसवालीने त्या बांबूच्या डालग्याखाली झाकल्या. दुसऱ्याच दिवशी त्या इतक्या ओरडल्या, की सासूबाईंनी डालगं उचललं आणि त्या बाकीच्यांत मिसळल्या. लसवालीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आता तिच्या डोक्यात आकडे फिरू लागले. रोग अंगात शिरून दिसायला पाच-सहा दिवस. म्हणजे गेले काही दिवस तो या अंगणात होता, तिच्या चपलांना होता, हातांना होता. परवाच ती लसीची तारीख सांगायला घरोघर गेली होती आणि सवयीने प्रत्येक घरी एखादी कोंबडी उचलून वजनाचा अंदाज घेतला होता. तिला स्वतःचे तळवे कापून टाकावेसे वाटले.

सासूबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तांबडीकडे पाहिलं, मग सुनेच्या चेहऱ्याकडे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मान मोडली ती मोडली, खड्डा खणून पुरून टाक, हातपाय धू आणि लस टाकायला जा. कुणाला कळतंय? "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. गट तुझ्या नावावर चालतो. तूच घाण आणलीस असं कळलं तर उद्या दारात कुणी उभं करणार नाही."

"आई, मी गेले तर लस एका हाताने देईन आणि रोग दुसऱ्या हाताने."

"मग जाऊ नकोस."

"नाही गेले तरी मरतील."

 सासूबाई आत गेल्या.

लसवाली कुंपणापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पलीकडे गल्ली, गल्लीच्या पलीकडे आत्याबाईंचं अंगण. आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या आणि गटाची अध्यक्ष, दुहेरी दरारा. त्या अंगण झाडत होत्या. लसवालीने हाक मारली. त्यांनी हसून विचारलं, आज मॅडम दारातूनच लस फेकणार की काय. लसवालीने सांगायला सुरुवात केली. सगळं पहिल्यापासून सांगितलं: ताई, तीन कोंबड्या, डालगं, तांबडीची मान.

आत्याबाईंचा झाडू थांबला. आता शिव्या येणार म्हणून लसवालीने मान खाली घातली. शिव्या आल्या नाहीत. वर पाहिलं तर आत्याबाई स्वतःच्याच माजघराकडे बघत होत्या.

"माझ्या भावाने चार पाठवल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "पलंगाखाली आहेत. म्हटलं, तुला कळलं तर तू बोलशील."

हा भाऊ ताईच्याच गावात राहत होता. गटातल्या आणखी तिघीचौघींचं माहेर तिकडचंच. लसवालीला एकदम दिसलं, त्यांच्याकडेही पाहुण्या आल्या असणार. आत्याबाईंनी दारातूनच एकेकीला फोन लावले. पहिलीने कानावर हात ठेवले, मग रडायला लागली. दुसरी म्हणाली, आमच्याकडे पाहुण्या नाहीत, फक्त एक कोंबडा आहे, तो धरायचा का. अकरापैकी पाच घरांत पाहुणे पक्षी निघाले, कुणाकडे माळ्यावर, कुणाकडे न्हाणीत. सगळ्यांनी लपवले होते ते लसवालीपासून.

सहा घरं उरली. तिथेही तिचे हात परवा लागलेच होते. पण लागले म्हणजे रोग पोचलाच असं नाही, एवढ्या एका धाग्याला धरून ती विचार करत राहिली. बाटलीला पाऊण तास झाला होता. थेंब टाकायला असा कुणीतरी हवा होता ज्याने या आठवड्यात परकी कोंबडी पाहिलीही नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "लांबची."

लांबची हे तिला गटानेच पाडलेलं नाव. तिचं माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर, वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी येत नसे, आणि तुझ्याकडे चुकून पत्रसुद्धा येत नाही अशी चेष्टा बायका दर बैठकीला करत. ती आली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली. लसवालीने बाटली ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसली, थर्मास बाहेरून धुतला आणि रस्त्यात ठेवून मागे सरकली. मग कुंपणाआडून, रिकाम्या हातांनी हवेत कोंबडी धरून दाखवली: पंख असे काखेत, डोकं आडवं, थेंब वरून पडू द्यायचा, टोक डोळ्याला लावायचं नाही, पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही.

"आणि चुकलं तर?" लांबचीने विचारलं.

"दुसरा थेंब टाक. आधी सहा घरं, पाहुण्यांची घरं सगळ्यांत शेवटी. प्रत्येक दारात चप्पल काढ, हात धू."

"तू इतकी का घाबरलीयेस? लस तर आहे ना."

लसवालीने खरं सांगितलं. लस अंगात मुरायला दहा-बारा दिवस लागतात. रोगाला पाच पुरतात. ज्याच्या अंगात तो शिरलाय, त्याला हा थेंब काही करणार नाही. लांबची थर्मास उचलून चालू लागली, कुणाचं तान्हं पोर नेत असल्यासारखी.

आत्याबाईंनी अंडीवाल्याला गाडी आणू नकोस म्हणून कळवलं. कारणही सांगितलं, आणि लसवालीचं नाव घेतलं तसं स्वतःचंही घेतलं.

लसवाली अंगणात परतली. खुराड्याला बाहेरून साखळी घातली. आत तिच्या स्वतःच्या एकोणीस होत्या. त्यातली एक पंख ढिले सोडून उभी होती. उन्हाने की कशाने, ते सांगता येत नव्हतं. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून लसवाली भिंतीला टेकून बसली आणि ताईला फोन लावला. रागावायचं ठरवलं होतं, पण ताईने पहिल्यांदा कोंबड्यांचीच चौकशी केली, तेव्हा रागाची जागा शंकेने घेतली.

"ताई, तू बाकीच्या कुठे ठेवल्यास?"

ताई समाधानाने म्हणाली, "सगळीकडे थोड्याथोड्या. एका जागी ठेवल्या की एकदम जातात ना. मामांकडे चार, नणंदेकडे पाच, तिच्या जावेकडे दोन. आमच्या गल्लीत सगळ्यांनीच पांगवल्यात."

लसवाली बोटांवर गावं मोजू लागली. एक हात संपला. ताई अजून सांगतच होती.