अफ्राकोमाचं शनिवारचं मयत

“जीभ विमानात विसरली की काय ही कारटी,” धुरावलेल्या माशांवरच्या माशा हाकलत अफ्राकोमा म्हणाली. “इथं होती तेव्हा झोपेतसुद्धा बडबडायची. आता विचारावं तर ‘बरी आहे आजी, थंडी आहे आजी, ठेवते आजी.’ थंडी आहे तर असू दे. थंडीनं बोलणं गोठतं का?”

शेजारी मान्सा मिरच्यांचे वाटे लावत होती. “नव्या गावात गेलीय पोर. पहिला आठवडा असाच जायचा.”

“आठवडा तिचा असेल. कान माझे आहेत.”

कुमासीच्या बाजारात माशांच्या ओळीत अफ्राकोमापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. शाळेचं तोंड तिनं जेमतेम पाहिलं होतं, पण टोपलीच्या तळाशी काय दडवलंय हे विकणाऱ्याच्या आवाजावरून तिला कळायचं. आणि दुफीच्या आवाजात तळाशी काहीतरी होतं.

दुफी तिच्या मेलेल्या लेकीची लेक. भट्टीच्या धुरातच लहानाची मोठी झालेली. हॅम्बुर्गला इंजिनियर व्हायला निघाली तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्नच आला नाही. तिथं आम्पोफो होता, अफ्राकोमाचा मुलगा, पार्सलांच्या गोदामात कामाला. त्यांच्यात पुरुषाला बहिणीचं लेकरू आधी, मग पोटचं. मामाला कुणी विचारत नाही, नुसतं कळवतात.

पोचल्या दिवशी पोरीचा फोन आला तेव्हा ती आधी हसली, मग हुंदके देऊ लागली, मग परत हसली. दमली असेल, असं अफ्राकोमाने धरलं. पण त्यानंतर तोंड दाखवायचंच बंद. “खोली दाखव,” म्हटलं की नेट नाही. “मामाला दे,” म्हटलं की मामा कामावर.

“मामा कामावर,” अफ्राकोमा पुटपुटली. “एवढं काम तो करतो हे मला आजवर ठाऊक नव्हतं.”

मान्सानं वाटे बाजूला सारले होते. तिच्या हातात फोन होता. तिची भाची हॅम्बुर्गला असायची आणि तिथल्या आपल्या लोकांची लग्नं, बारशी, मयतं, सगळ्याचे व्हिडिओ मावशीला पाठवायची. सोमवारी सकाळी शनिवारची मयतं बघत बसणं हा मान्साचा नेमच होता. बघता बघता तिचं तोंड उघडं पडलं. ती उठून आली आणि तिनं अफ्राकोमाचं मनगट धरलं.

“काय गं? सोड. माशाचा हात आहे.”

“गरम आहे,” मान्सा म्हणाली आणि फोन तिच्यापुढे धरला.

मोठा हॉल होता. खुर्च्यांच्या रांगा, त्यांवर काळ्या-लाल कपड्यांतली माणसं. पुढे हार घातलेली भली मोठी तसबीर. तसबिरीत अफ्राकोमा.

“खाली काय लिहिलंय?”

“तुझं नाव. आणि वय चौऱ्याऐंशी.”

“चौऱ्याऐंशी?” अफ्राकोमाने कमरेवर हात ठेवले. “सत्तरी तरी लागलीय का मला? आणि हे उभं कुणी केलं?”

“तुझ्या आम्पोफोनं. तो बघ, सुतकाचं कापड गुंडाळून, खांदा उघडा टाकून बसलाय.”

एव्हाना ओळीतल्या बायका जमल्या. कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी मेंढी कापून हे अरिष्ट आधी उतरवायला हवं म्हणाली. अफ्राकोमाला हसू फुटलं. हा मुलगा लहानपणापासून थापाड्याच. पोट दुखतं म्हणून शाळा चुकवायचा, आता आई मेली म्हणून काय चुकवलं असेल देव जाणे.

“जेवायला काय होतं बघ गं.”

“भात आणि कोंबडी.”

“मासेवालीच्या मयताला मासा नाही. मेल्यानं लाज सोडली ती सोडली, चवसुद्धा सोडली.”

बायका खदखदून हसल्या. तेवढ्यात चित्र सरकलं आणि पहिली रांग नीट दिसली. आम्पोफोच्या शेजारी काळ्या कपड्यांत, गळ्याला लाल पट्टी बांधून दुफी बसली होती. माणसं ओळीनं येऊन तिचा हात हातात घेत होती. ती मान हलवत होती, डोळे पुसत होती.

अफ्राकोमाचं हसू तिथल्या तिथं विरलं. तिनं मान्साकडून चित्र परत मागे न्यायला लावलं. पुन्हा तसबीर आली. हिरव्या-पिवळ्या कापडाचा नवा झगा, डोक्याला त्याचाच फेटा. हा झगा तिनं दुफीला निरोप द्यायला म्हणून शिवला होता आणि एकदाच अंगात घातला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरीनं तिला भट्टीशेजारी उभं केलं होतं. ‘ओठ मिटून घे आजी. तशी तू राणीसारखी दिसतेस.’

आम्पोफोनं हा झगा जन्मात पाहिलेला नव्हता. हा फोटो एकाच फोनमध्ये होता.

“लाव फोन,” ती मान्साला म्हणाली. “आणि तुम्ही सगळ्या आपापल्या टोपल्या बघा.”

बायका हलल्या. मान्सा मात्र राहिली, तिचाच फोन होता.

“आजी?”

“मी चौऱ्याऐंशीची कधी झाले गं?”

“आजी, आधी ऐकून घे.”

“मेलेली बाई ऐकतेच. तिला दुसरं काय काम. बोल.”

दुफीनं सांगितलं. तिला विमानतळावरून आणायला, कॉलेज दाखवायला मामाला सुट्टी हवी होती. भाचीसाठी सुट्टी नाही, असं गोदामवाले म्हणाले. तिकडे भाची म्हणजे कुणीच नाही. मग मामा म्हणाला, आई वारली. सुट्टी मिळाली. पण गोदामात शेजारी काम करणारा कुमासीचाच निघाला आणि त्यानं बातमी पसरवली. संध्याकाळपर्यंत चर्चच्या बायका रडत, पातेली घेऊन दारात. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलसुद्धा ठरवला. इतकी वर्षं मामा सगळ्यांच्या मयतांना जेवून आलेला. कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

“मी उतरले तर त्या बायका माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या,” दुफी म्हणाली. “मला वाटलं, मी विमानात होते तेव्हाच तू गेलीस. मामा काही बोलेना. मग मी तुला फोन लावला आणि तू उचललास.”

ते आधी हसणं आणि मग हुंदके. अफ्राकोमानं डोळे मिटले. “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“घर देणाऱ्याची सही असल्याशिवाय इथं सरकारात नाव लागत नाही. नाव लागत नाही तोवर कॉलेजचं पुढं काही हलत नाही. मामा म्हणाला, शनिवार पार पडू दे, मग सही करतो.”

“केली?”

“आज सकाळी केली.”

“आणि फोटो? तोसुद्धा त्यानंच खेचून घेतला?”

“नाही.” दुफीचा आवाज अगदी बारीक झाला. “त्यांच्याकडे तुझा जुना होता, अर्धे डोळे मिटलेला. तोच मोठा करून लावणार होते. मला बघवेना, आजी. मीच दिला.”

पलीकडे खुडबुड झाली आणि आम्पोफोचा आवाज आला. “आई, पोरीवर रागावू नकोस. मी सगळं सांगतो.”

“मेल्या आईशी फोनवर बोलतोस? कामावर कळलं तर दिलेली सुट्टी कापतील. पोरीला दे.”

त्यानं मुकाट्यानं दिला. याच्यापायी नव्यानं दुखावण्यासारखं अफ्राकोमाचं काही उरलं नव्हतं. तो होताच असा, आणि आज त्यानं आपल्या थापांवर नुसती पताका लावली होती. पण दुफीचं वेगळं होतं. हिच्यासाठी तिनं इतर नातवंडांच्या आयांची बोलणी ओढवून घेतली होती.

“दुफी, तू रडताना दिसलीस.”

“हो.”

“खोटं रडलीस ना?”

हे विचारताना अफ्राकोमाचा आवाज मऊ पडला. मान्सानं चमकून वर पाहिलं. होय म्हण, असं अफ्राकोमा मनातल्या मनात म्हणत होती. खोटं रडणं म्हणजे काम. बाजारात ती स्वतः रोज करते ते. डोक्यावर छप्पर राहावं म्हणून पोरीनं ते केलं असेल तर त्यात वावगं काही नव्हतं.

“खोटं रडायचं ठरवूनच बसले होते,” दुफी म्हणाली. “पण तुझा एवढा मोठा फोटो समोर. आठवडाभर घरचं म्हणून कुणी दिसलं नव्हतं. मामाकडे तर बघवत नव्हतं. मग सुरू झालं ते थांबेचना. बायका पाणी पाजत होत्या तरी थांबेना.”

अफ्राकोमानं पुढ्यातला एक मासा उचलला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा होता तिथं ठेवला. गिऱ्हाईक भाव विचारत होतं. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

“नीट ऐक. खोटं रडली असतीस तर मी आजच्या आज विसरले असते. तू माझ्यासाठी खरं रडलीस, आणि मी इथं मासे विकत असताना, परक्या बायकांच्या हातचं पाणी पीत ते सगळं संपवून आलीस. आता सही मिळालीय, शीक. थंडीचे कपडे घाल. पण मी खरी जाईन तेव्हा तिकीट काढून येऊ नकोस, दुफी. तुझं रडून झालंय.”