रॉकेटवाल्याने विमा काढला

द्रागिन्याने पाकीट उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटला. पोस्टाची बाई म्हणून तिला पाकीट उघडायचा अधिकार नव्हता. उन्हाकडे धरू नये असं मात्र कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही सहाजण होतो. सहाही जणांनी कॉफीचे कप खाली ठेवले.

"विमा कंपनीचं आहे," ती म्हणाली. "वितोमिरच्या नावावर. गारपिटीचा विमा."

"नीट वाचलंस ना?" ओब्रादने विचारलं. ओब्राद आमच्या गावाचा अध्यक्ष. तिने पुन्हा धरलं. गारपीटच होती.

वितोमिर आमचा रॉकेटवाला. टेकडीच्या माथ्यावर पत्र्याची एक खोली आहे, शेजारी रॉकेट सोडायच्या नळ्या. ढग भरून आले की हवामान केंद्रातून वायरलेसवर हुकूम येतो, अमुक दिशा, अमुक कोन, आणि वितोमिर ढगात रॉकेट सोडतो. मग गारांचं म्हणे वरच्या वर पाणी होतं. या कामाचा त्याला महिन्याला जो पगार मिळतो त्यात एका माणसाच्या सिगारेटी भागतात, त्याने कमी ओढल्या तर. एकोणीस वर्षं तो हे करत होता. आणि एकोणीस वर्षं आमच्यातल्या कुणी विमा काढला नव्हता. गारा पडल्या नाहीत तर हप्ता बुडीत. आणि गारा पडू नयेत म्हणून वितोमिर होताच, तोही फुकट.

"खानावळीचा आचारी घरून डबा आणायला लागला," ओब्राद म्हणाला, "तर तिथं जेवायचं का आपण?"

संध्याकाळी आम्ही चौघं त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, स्तामेनाने, रिवाजाप्रमाणे चमचाभर प्लमचा मुरंबा आणि थंड पाणी पुढे केलं. भांडायला आलेल्यांनाही ते द्यावंच लागतं. आम्ही खाल्लं.

"मुरंबा झकास झालाय, वहिनी," ओब्राद म्हणाला. "वितोमिर, तो विमा रद्द कर."

वितोमिर कमी बोलणारा माणूस. त्याने हिशेबी आवाजात एवढंच सांगितलं, की केंद्र वर्षाला सहा रॉकेटं देतं. गेल्या वर्षी ती जूनमध्येच संपली. जुलै-ऑगस्टभर तो टेकडीवर नुसता ढगांकडे बघत बसला होता.

त्या जुलै-ऑगस्टात आम्ही फार गाढ झोपलो होतो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंत? तुम्हीही बघत बसला असतात."

स्तामेना मात्र गप्प बसणारी नव्हती. विमा आपणच काढायला लावला, असं तिने सरळ सांगितलं. वर्षाला एकच पीक, रासबेरीचं. त्यावर हिवाळ्याचं सरपण, छपराची कौलं आणि शहरात शिकणाऱ्या पोरीच्या खोलीचं भाडं. दहा मिनिटं गारा पडल्या की वर्ष गेलं. "याचा पगार घेऊन मी कौलवाल्याकडे जाऊ का?" असं तिने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, की तुम्हीही काढा, पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे, हप्त्यातला काही भाग सरकार परत देतं.

इथेच सगळं बिघडलं. परत जाताना फाटकापाशीच ओब्राद थांबला. "एजंटाकडून यांना काही सुटतंय," तो म्हणाला. आम्हालाही तेच वाटलं होतं. सरकार काही परत देतं म्हटल्यावर तर खात्रीच पटली.

वितोमिरने रॉकेट मुद्दाम चुकवलं तर त्याला भरपाई आणि आम्हाला चिखल, हे आता गावातल्या कोंबड्यांनाही कळत होतं. म्हणून ढग दिसला की ओब्राद टेकडीवर जाऊन बसू लागला. सोबत म्हणून, असं तो सांगायचा. वितोमिर त्याला खुर्ची द्यायचा आणि स्वतः क्रेटवर बसायचा. दुकानात लोक वितोमिरला पूर्वीसारखेच नमस्कार करत, फक्त आधी एकमेकांकडे बघून.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी ढग आला, जांभळा, खालून हिरवट. वितोमिरने वायरलेसवर परवानगी मागितली. केंद्राने थांबायला सांगितलं. वरून प्रवासी विमान जात होतं. अकरा मिनिटं ते विमान जात होतं. ओब्राद आधी विमानाला शिव्या देत होता, मग केंद्राला, मग वितोमिरला. परवानगी आली तेव्हा वितोमिरने चार रॉकेटं सोडली. वरच्या वाडीत साधा पाऊस पडला. खालच्या वाडीत, जिथे ओब्रादचं आणि वितोमिरचं शेत बांधाला बांध लावून आहे, तिथे अक्रोडाएवढ्या गारा.

आता ओब्रादने काय सांगावं? विमान त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण नुकसान भरून मिळणार होतं ते एकट्या वितोमिरला. "विमानाची वेळ त्याला आधीच ठाऊक असणार," तो म्हणाला.

कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा निम्मं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. तो ओळीओळीने फिरला, फांद्या वाकवून पाहिल्या, कागदावर लिहिलं आणि जायला निघाला. तेव्हा वितोमिर त्याला म्हणाला, "साहेब, गोठ्यामागच्या तीन ओळी राहिल्या. त्यांना काही झालेलं नाही. तेही लिहा." स्तामेनाने आकाशाकडे पाहिलं. कंपनीच्या माणसाने भरपाईचा आकडा खोडून लहान केला.

"काहीतरी मोठा डाव आहे," कुंपणावर कुणीतरी पुटपुटलं.

पैसे मात्र आले. हिवाळ्याआधी वितोमिरच्या घरावर नवी कौलं चढली आणि मुलगी परत शहरात गेली. ओब्रादने आपली गाय विकली. पुढच्या एप्रिलमध्ये एकदा अंधार पडताना तो वितोमिरच्या दारात आला. शेजारच्या गावातल्या मावसभावाला एजंटाचा नंबर हवाय म्हणाला. ओब्रादला मावसभाऊ नाही. वितोमिरने नंबर लिहून दिला. मग एकेक करून आम्ही सगळेच आपापल्या मावसभावासाठी गेलो. पंधरा तारखेच्या आत साऱ्या गावाचा विमा झाला.

ते वर्ष बरं चाललं होतं. रासबेरी फांदीला पेलवेना एवढी लागली. आणि जुलैच्या सुरुवातीला फळ विकत घेणाऱ्या शीतगृहवाल्यांनी भाव पाडला. इतका, की तोडणाऱ्या मजुराची रोजीही निघेना. विम्याच्या कागदावर मात्र भाव वसंतातलाच होता. दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही हे मोठ्याने बोललो नाही. नुसते आकाशाकडे बघायला लागलो, आणि मग टेकडीकडे.

वितोमिरजवळ अजून पाच रॉकेटं शिल्लक होती.

"माणूस अडेल आहे," ओब्राद म्हणाला. "सोडेल बघा हा."

आठच दिवसांत तसाच ढग आला. या खेपेला ओब्राद टेकडीवर गेला तो प्लमच्या दारूची बाटली घेऊन. मीही मागोमाग गेलो, सोबत म्हणून. वाटेत स्तामेना भेटली. ती नवऱ्याला जेवण देऊन परतत होती. काय म्हणाला, असं आम्ही विचारलं. "मी त्याला म्हटलं, आज जरा सावकाश हात चालव," ती म्हणाली. "जेवण परत दिलं मला."

वायरलेस खरखरला. परवानगी लगेच आली. त्या दिवशी आकाशात एकही विमान नव्हतं. ओब्रादने ग्लास भरून पुढे केला.

"आधी हा घे. वायरलेस बिघडलाय म्हणून सांगू. मी साक्षीदार आहे, हाही आहे."

"ओब्राद, बाजूला हो."

"अरे, तुझाही विमा आहे ना? पोरीचं वर्ष निघेल. कुणाचं काय जातंय?"

"नळीच्या मागे उभा आहेस," वितोमिर म्हणाला. "पँट पेटेल."

ओब्राद बाजूला झाला. रॉकेटं एकामागोमाग गेली, पाचही. थोड्या वेळाने पाऊस पडला, मऊ, सरळ, रासबेरीला हवा असतो तसा. आम्ही तिघं पत्र्याखाली उभे राहून तो बघत होतो. दारू ओब्राद एकटाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव तोडणीला लागलं, कारण फळ झाडावर सडू दिलं तर विमाही मिळत नाही. कुणी वितोमिरला हाक मारली नाही. द्रागिन्या त्याच्या फाटकावरून तशीच पुढे गेली. बांधापलीकडून ओब्रादच शेवटी बोलला.

"तुझंही बुडालंच की."

"बुडालं," वितोमिर म्हणाला.

"मग कशाला सोडलीस?"

"ढग आला होता. परवानगी होती."

आम्ही फळं मुठीने ओरबाडून बादल्यांत टाकत होतो. त्या भावात फळ दबलंय का ते कोण बघणार होतं? वितोमिर ओळीच्या टोकाला वाकला होता. दोन बोटांनी एकेक फळ देठावरून अलगद सोडवायचा, दबलेलं बाजूला काढायचा, आणि उरलेली क्रेटमध्ये एका थरात मांडत जायचा.