सुटलो, म्हणाला नरेंद्र

विशाखा सासऱ्यांना पेज भरवत होती, तेवढ्यात नरेंद्र दारात येऊन उभा राहिला. भर दुपारी. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कापड रंगवायच्या मिलमधून तो कधी उजेडात घरी आलेला नव्हता, म्हणून तिच्या मनात आधी अपघातच आला. तिनं नवऱ्याचे हात बघितले, मग पाय.

"काय झालं?"

"काही नाही. सुटलो." तो हसला. "राजीनामा दिला."

चमचा आबांच्या ओठांशी थबकला. पेजेचा ओघळ त्यांच्या हनुवटीवरून खाली आला. तिनं तो ओढणीनं टिपला आणि पुढचा चमचा भरला.

"सोमवारी मला बडोद्याला जायचंय," ती म्हणाली.

"माहीत आहे ना यार. त्याचंच सांगतो. ऐक तर आधी."

पर्वत पाटियाजवळच्या एका खासगी दवाखान्यात विशाखा नर्स होती. बाळंतपणाच्या वॉर्डातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. एकदा डॉक्टर गर्दीत अडकले, इकडे बाईच्या कळा अनावर झाल्या. काय करायला हवं ते विशाखाला दिसत होतं, पण करायची परवानगी नव्हती. मूल निळं पडून बाहेर आलं. वाचलं, पण तेव्हापासून विशाखानं ध्यास घेतला होता. नर्सला स्वतःच्या हातानं बाळंतपण करता यावं, यासाठीच्या बडोद्यातल्या दीड वर्षाच्या प्रशिक्षणात यंदा तिला जागा मिळाली होती. मुलगी स्नेहा होस्टेलला गेली की विशाखानं शिकायचं आणि तोवर नरेंद्रच्या पगारावर घर चालवायचं, हे नवरा-बायकोचं केव्हाच ठरलं होतं. दिवसा आबांकडे शेजारच्या सुंदरामावशी बघणार होत्या, रात्री नरेंद्र.

आता नरेंद्र खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. गेल्या महिन्यात तो डुमस रोडवरच्या एका हॉटेलात शिबिराला जाऊन आला होता. मिल सोडून शेती करणारा त्याचा दोस्त भटू त्याला घेऊन गेला होता. थंडगार हॉलमध्ये सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं. घड्याळ नाही, साहेब नाही, अशी तुमची सकाळ कुठं उगवते ते बघा, असं वक्ता म्हणाला होता. नरेंद्रला गावचं घर दिसलं होतं. घरामागची बाभूळ दिसली होती.

"आबांच्या नावावर तुकडा आहेच. घर नीट करू. भाजी लावू, कोंबड्या पाळू. माणसाला लागतं किती? आबांना मोकळी हवा मिळेल. आणि तुला तिथं काय, सरकारी दवाखान्यातसुद्धा काम मिळेल."

"आणि बडोदा?"

"अगं, ते कशासाठी करत होतीस? या धबडग्यातून मोकळं व्हायलाच ना? मग थेट मोकळेच होऊ की आपण."

"मला मोकळं नव्हतं व्हायचं," विशाखा म्हणाली. तिनं चमचा वाटीत ठेवला. "मला शिकायचं होतं. तुम्ही मला एकदा विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही?"

उलट नरेंद्रच चिडला. "बावीस वर्षं त्या वाफेत उभा राहिलो. माझ्या छातीत रंग गेलाय. माणसानं स्वतःसाठी कधी जगायचं? मेल्यावर?"

ते खोटं नव्हतं. रात्र-रात्र खोकणारा नवरा विशाखानं बघितला होता. म्हणूनच तिला धड भांडताही येईना.

वाटी खाली पडली. आबांनी चांगल्या हातानं ती ढकलली होती. पक्षाघातानं त्यांचं उजवं अंग गेलं होतं, बोलणं जड झालं होतं. ते अहिराणीतून शब्द ओढून काढत बोलू लागले.

"मी नही येवाव."

"आबा, तुमचंच गाव आहे."

"मनं कसानं गाव? तठे पाटीलनी हाक ये. ए भिव्या! ढोर मरनं, भिव्या. लाकडं फोड, भिव्या. हातमा घास राहे नि हाक ये. ऊठनंच पडे." भिवा आबांना दम लागला. विशाखानं पाठीला हात लावला, तो त्यांनी झटकला. "आठे शहरमा वनू. मिलना भोंगा वाजे. समदासले एकच भोंगा. तो कोनले जात इचारीसन नही बलावे. पाळी सुटनी का मी रस्तामझार मधोमध चालू. कोनी हाक मारे ना. तू त्याले धबडगा म्हनस?"

"तो जमाना गेला, आबा."

"जाय. दखी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नरेंद्र खरंच खानदेशात गेला. जाताना विशाखाला म्हणाला, "रविवारी येतो. मग ठरवू." तिचं प्रशिक्षण ठरवायचं राहिलेलंच नव्हतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी दुपार टळली तरी त्याचा फोन लागेना. विशाखाची बॅग पलंगावर उघडी पडली होती. अर्धी भरलेली. सुंदरामावशी आबांसाठी मऊ भात घेऊन आल्या आणि बॅगेकडे बघत उभ्या राहिल्या.

"दिवसा मी आहे गं. पण रात्रीचं माझ्यानं उचलणं होत नाही. माझी कंबर तर तुला माहीतच आहे. त्यांना पडूबिडू दिलं तर?"

"नाही मावशी. तुमच्यावर नाही टाकणार."

मावशी गेल्यावर विशाखानं फोन हातात घेतला. 'घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही', एवढं लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. जागा सोडली तर यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी आली असती. आतून आबांनी विचारलं, "वना का तो?"

"नाही आबा."

"तू थांबू नको."

"मग तुम्हाला कोण बघेल?"

प्रश्न आबांना झोंबला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. विशाखाचा अंगठा बराच वेळ फोनवर अधांतरी राहिला.

दिवेलागणीला दार वाजलं. नरेंद्र आत आला, कोपऱ्यात बॅग ठेवली आणि तसाच आबांच्या पलंगापाशी जमिनीवर बसला. बूटसुद्धा काढले नाहीत.

"घर आहे उभं," तो म्हणाला. "बाभूळही आहे."

विशाखानं त्याला पाणी दिलं.

"लोक वाईट नाही वागले. चहा दिला. बसा म्हणाले." त्यानं घोटभर पाणी घेतलं. "ओट्यावर मोठ्या पाटलाचा नातू होता. आपल्या स्नेहाएवढा. मला म्हणाला, ए भिव्याच्या पोरा, शहरातून आलास ना, जरा ट्रॅक्टरला धक्का मार."

"मंग?" आबांनी विचारलं.

"मारला." नरेंद्रनं स्वतःचे तळहात पाहिले. "आबा, माझे हात आपोआप गेले. का गेले, मलाच कळलं नाही."

आबांनी चांगला हात पुढं केला. तो नरेंद्रच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावरच राहिला.

मग नरेंद्र विशाखाकडे वळला. "गाडीतून मॅनेजरला फोन करताकरता बॅटरी संपली. जागा भरली म्हणतो. कडोदऱ्याला एका लूमवाल्याकडे कामाचं विचारतो. पण..." त्याची नजर उघड्या बॅगेवर गेली. "तू कळवलंस का त्यांना?"

"लिहिलंय. पाठवलं नाही."

"नको पाठवूस." मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे, तुला जायचं असेल तर."

"जायचंय."

"आबांचं मी बघतो. काम दिवसाचंच घेईन."

लगेच भरून यावं, मिठी मारावी, असं विशाखाला काही वाटलं नाही. राग तसाच होता, तो कदाचित बडोद्यापर्यंत बरोबर येणार होता. ती उठली आणि म्हणाली, "बूट काढा. हात धुऊन या. आबांना कसं उठवायचं ते दाखवते."

त्या संध्याकाळी नरेंद्र शिकला. पहिल्यांदा त्यानं बापाला काखेत धरून नुसतं ओढलं. आबा कळवळले, मग अहिराणीत एक शिवी हासडली. दुसऱ्यांदा दोघंही पलंगावर कोसळले. "गुडघ्यात वाका," विशाखा सांगत होती, "कमरेत नाही. त्यांचं वजन तुमच्यावर येऊ द्या. भिऊ नका." बावीस वर्षं कापडाचे ओले गठ्ठे उचललेला माणूस घामाघूम झाला.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा घरात कुणी फारसं बोललं नाही. ती आबांच्या पाया पडली. आबा म्हणाले, "जाय बाई." नरेंद्रनं बॅग खाली रिक्षात ठेवली. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात वरून आबांची हाक आली आणि तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

रिक्षा सुरू होईना. रिक्षावाला खाली उतरून खटपट करू लागला, तेव्हा विशाखानं वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऊन आलं होतं. नरेंद्र आबांना खुर्चीत बसवत होता. आबांचा एक हात त्याच्या मानेभोवती होता, दुसरा नुसता लोंबत होता. नरेंद्र गुडघ्यात वाकला होता. आबांचं पाऊल जमिनीला टेकेना, आणि ते टेकेपर्यंत त्याला सरळ होता येईना. तो तसाच थांबला होता, घाई न करता, बापाच्या गालाला गाल लावून.

"चालीए बेन?" इंजिन सुरू करून रिक्षावाल्यानं विचारलं.

"थोडी वार, भाई," ती म्हणाली आणि वरच बघत राहिली.