सोनाजीच्या हातचं तेल

पोलीस ॲक्शननंतरची काही वर्षं दौलताबादच्या किल्ल्यामागच्या डोंगरात सोनाजी धनगर रोशा गवताचं तेल काढायचा. एरवी मेंढरं वळायची, अन् गवत फुलावर आलं की भट्टी पेटवायची. तेल असं, की त्यापुढं गुलाबानं झक मारावी! त्याच्या मुंडाशाला, घोंगडीला, अंगालाही तोच वास. डोंगरात साप चावून, पान लागून तो गेला, तेव्हा शेवटच्या भट्टीच्या दोनच बाटल्या मागं राहिल्या. एक बायकोला, बानाबाईला. दुसरी गावातच दिलेल्या बहिणीला, वच्छलाबाईला.

बानाबाईनं आपली बाटली देव्हाऱ्यात ठेवली, खंडोबाच्या टाकाशेजारी. वरून खिडकीचं ऊन, खालून दिव्याची धग. दर रविवारी बूच काढायचं, थेंबभर देवाला लावायचं, मग डोळे मिटून हुंगत बसायचं. आणि वच्छला? त्या बयेनं बाटली चिंधीत गुंडाळून माठाखालच्या गार वाळूत पुरली!

"भावाची शेवटची वस्तू, अन् ती चिखलात!" बानाबाई चडफडायची. दोघींचं बोलणंच तुटलं.

बघता बघता देव्हाऱ्यातली बाटली अर्धी झाली. वासही पालटत होता, पण सारखं हुंगणाऱ्या नाकाला ते कुठलं कळायला?

पुढं सोनाजीच्या बापानं, आप्पानं, अंथरूण धरलं. डोळे तर कधीचेच गेलेले. अन्न सुटलं तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "पोरी, सोन्याचा वास दे एकदा. मग जातो."

बानाबाईनं बाटली आणून तळहातावर ओतली. तेल तांबूस अन् चिकट आलं. आप्पानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "हे नव्हं गं. लई खवट हाय."

जिवापाड जपलं, तेच हातचं गेलं होतं. मान खाली घालून बानाबाई नणंदेच्या दारात गेली. "वन्सं, तुमची बाटली हाय का? आप्पा मागत्यात."

वच्छलानं माठ सरकवला, वाळू उकरली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली, बुचावरचं मेणसुद्धा शाबूत.

"एकदाबी उघडली नाय?"

"धीरच झाला नाय, वैनी. वास आला की दादा दारात उभा हाय असं वाटंल, अन् दारात तर कुणीच नसंल." वच्छलाला हुंदका आवरेना. बानाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पाच्या उशाशी बूच निघालं आणि सगळं घर दरवळलं. म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. "आला का रं सोन्या? मेंढरं कोंडली का?" दोघी एकमेकींना धरून रडल्या.

वच्छला बाटली पुन्हा कलती करायला गेली, तसा आप्पानं चाचपडत तिचा हात धरला.

"बास. बूच लाव, उडून जाईल. मी काय, त्याच्याकडंच चाललोय. राहिलेलं बानीला लागंल."

दिवस मावळायच्या आत आप्पा गेला. तेरावा उरकल्यावर वच्छला ती बाटली घेऊन आली. बानाबाईनं एकवार देव्हाऱ्याकडं पाहिलं, हात जोडले आणि माठाजवळच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात गेली. वच्छलानं माठ धरला, बानाबाईनं वाळू उकरली.