गेटच्या आत जाणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे. काळेवाडीच्या धम्मरत्नच्या शर्टाच्या खिशात माझी पंधरा वर्षे गेली. मी आलो तेव्हा लहान असणे हीच ऐट होती. चाकणच्या कंपनीतली माणसे "एवढासा? बघू, बघू!" म्हणत मला हातोहात फिरवत.

पुढे लोकांना फोनवर सिनेमे हवे झाले. फोन लांबरुंद होत गेले आणि सिमकार्ड मात्र नखाएवढे झाले. लेकीने, मिनलने, वडिलांना मोठा फोन आणला. मी पत्र्याच्या डब्यात गेलो.

पण कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही. तो गेटवरच्या खणात ठेवावा लागतो. मग शिफ्टभर धम्मरत्न कोणाला सापडत नसे.

अशातच मिनलचे दिवस भरत आले. तिचा रक्तगट दुर्मीळ. घरात तो फक्त वडिलांचा. "बाळंतपणात रक्त लागू शकते. वडिलांना हाताशी ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

मला कॅमेरा नाही, म्हणून धम्मरत्नने मला बाहेर काढले. पण नखाएवढे सिम माझ्या जागेत बसेना.

"सिम ज्यातून काढलं ती प्लास्टिकची चौकट फेकलीस काय गं?"

"पप्पा, तुम्ही काही फेकू देता का? काडेपेटीत बघा!"

चौकटीत सिम बसले आणि मी उजळलो.

गेटवर शेजारच्या मशीनवरचा सयाजी हसला, "काय राव, मोठा फोन विकला का?"

"नाही भावा. सध्या छोट्याची ड्यूटी आहे."

तिसऱ्या दिवशी फोन आला. मशीनच्या धडधडाटात घंटी कोणाला ऐकू येणार? मी त्याच्या छातीवर सारा जोर लावून थरथरलो. त्याने चटकन मला कानाला लावले.

"पप्पा, लगेच या! रक्त लागतंय," जावई ओरडत होता.

सयाजीने धम्मरत्नला मोटारसायकलवर बसवून दवाखान्याकडे नेले. गेटवरच्या खणांत मोठमोठे फोन उजळून विझत होते. मी खिशात होतो.

रक्त वेळेत मिळाले. मिनल वाचली. मुलगी झाली. तिचा पहिला फोटो मोठ्या फोनने काढला. ते काम त्याचेच. पण तिच्या आजोबांना मी बोलावून आणले!

मित्रांनो, नवा फोन हौसेने घ्या. पण घेताना त्याच्या लांबीरुंदीआधी आपले काम बघा. आणि जुना फोन कामाचा असेल तर अधूनमधून चार्ज करत जा. धम्मरत्न दर रविवारी मला चार्ज करतो. ती चौकट आता काडेपेटीत नाही, माझ्याच पोटात आहे.