चौदा दिवसांचा कोर्स

मामांना हुडहुडी भरली ती सकाळी दाढी करताना. ब्रश हातातून बेसिनमध्ये पडला, दात कडाकडा वाजू लागले आणि अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून ते पलंगावर येऊन बसले. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस. अशी थंडी कशाने वाजते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी स्वतःला पेशंट म्हणवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कपाटातला जुना डबा काढला, कधीच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकची एक गोळी तळहातावर घेतली आणि पाणी मागितलं.

मामींनी पाणी आणलं नाही. त्यांनी गोळीच उचलली.

"दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला उभा सोलला असता," त्या म्हणाल्या. "आधी खडूला फोन."

खडू म्हणजे मामांची भाची. लहानपणी मामांच्या दवाखान्यात बसून पाटीवर लिहायची कमी आणि खडू खायची जास्त, म्हणून हे नाव. आता ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जंतुसंसर्गाची डॉक्टर होती आणि तिच्या तोंडावर तिला खडू म्हणायची हिंमत जगात दोघांचीच होती.

"काही घेतलंय का त्याने?" तिने फोनवर पहिलं हेच विचारलं.

"घेत होते. मी घेऊ दिलं नाही."

"मामी, तुला मी कडेवर घेऊन नाचेन. आधी गोळी पोटात गेली की रक्ताच्या तपासणीत जंतूच सापडत नाही. घेऊन ये त्याला, लगेच."

तासाभरात मामा हॉस्पिटलच्या खाटेवर होते. ताप चढला होता, रक्तदाब घसरला होता. नर्सने दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त काढून चार छोट्या बाटल्यांत भरलं आणि शेवटची बाटली भरता भरताच सलाइनमधून औषध सुरू झालं. मामांनी मान वळवून पिशवीवरचं नाव वाचलं. सगळ्यांत दांडगं औषध होतं. त्यांना बरं वाटलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "माझीच भाची."

"जंतू कुठला ते कळेपर्यंत हे," भाची म्हणाली. "कळलं की बघू. आणि आता मला सांगा, लघवीला त्रास कधीपासून होतोय तुम्हाला?"

ती घरी मामांना 'तू' म्हणायची. हे 'तुम्ही' ऐकून मामा सावध झाले.

"तसा काही विशेष नाही."

"सहा महिने!" मामी कोपऱ्यातून म्हणाल्या. "रात्रीतून पाचदा उठतात आणि मला सांगतात, पाणी प्यायला उठलो होतो."

प्रोस्टेटची गाठ वाढली होती, लघवी तुंबली होती आणि तिथूनच जंतू रक्तात शिरला होता. नळी घातल्यावर अडलेली लघवी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून बातमी आली की चारपैकी तीन बाटल्यांत जंतू वाढलाय. आतड्यात राहणारा नेहमीचाच रहिवासी, वाट चुकून भलत्या घरात घुसलेला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मामांनी जेवण बेचव असल्याची तक्रार केली आणि मामींनी ओळखलं की माणूस ताळ्यावर आला.

त्याच दुपारी भाची प्रयोगशाळेचा कागद घेऊन आली. "हा जंतू साध्या औषधालाही मरतोय. मोठं औषध आज बंद करतेय."

मामा उठूनच बसले. "बंद? अगं, रक्तात जंतू आहे माझ्या, पायात काटा नाही मोडलेला! जिंकत आलेल्या लढाईत कुणी तोफ मागे घेतं का?"

"समोर उंदीर आहे हे कळल्यावर घेतात. तोफेने उंदीर मरतो, पण घरही पडतं. तुमच्या पोटातले भले जंतू मरतात, आणि जे उरतात ते तोफेलाही भीक घालत नाहीत. मग उद्या खरंच वाघ आला तर मी काय देऊ?"

मामांना ते पटलं नव्हतं. तरी म्हणाले, "बरं. पण चौदा दिवस द्यायचं."

"सात."

"चौदा. रक्तात जंतू म्हणजे चौदा."

"का?"

"का म्हणजे? मला माझ्या सरांनी शिकवलं."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या सरांनी!"

मामींना हसू आवरेना. भाची मात्र हसली नाही. खुर्ची ओढून खाटेजवळ बसली.

"मामा, सात आणि चौदा दोन्ही देऊन बघितलेत लोकांनी. तुमच्यासारख्या पेशंटांना. दोन दिवसांत ताप उतरला, अडथळा मोकळा झाला, आत कुठे पू नाही, अशांना सात दिवसांत तेवढंच बरं वाटतं. तुमची सोनोग्राफी मी स्वतः उभी राहून करून घेतली. डोळे झाकून सात नाही म्हणत मी. गेल्या वर्षी एका बाईंना मी सातव्या दिवशी घरी पाठवलं. मूत्रपिंडापाशी पू साठलेला होता, मला दिसला नाही. बाराव्या दिवशी परत आल्या. वाचल्या, पण ते मी विसरले नाहीये. दुसरा एखादा जंतू असता तर मीच तुम्हाला चौदा दिवस हलू दिलं नसतं."

हे ती कुणाला सांगत नसणार, हे मामांना तिच्या आवाजावरून कळलं. ते चादरीची शिवण चाचपू लागले. मग मामींकडे न बघता बोलायला लागले.

"तो घड्याळजी आठवतो तुला? टॉवरखालच्या गल्लीतला?"

"ज्याला ऐकू येत नाही तो?" मामींनी विचारलं.

"तेव्हा येत होतं. घड्याळ कानाला लावून बिघाड सांगायचा. त्याच्याही रक्तात जंतू झाला होता. मी रोजचं एक इंजेक्शन लिहून दिलं, चौदा दिवसांचा कोर्स. चौथ्या दिवशी ताप गेला. नवव्या दिवशी तो म्हणाला, डॉक्टर, कानात शिट्टी वाजतेय. मी म्हटलं, पाचच दिवस राहिलेत, कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. त्या इंजेक्शनने कान जातात हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण चौदा म्हणजे चौदा. मी त्याचे कान एकदा तपासलेही नाहीत."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," मामी म्हणाल्या.

"मी स्वतःशीही नाही बोललो. जीव वाचवला ना, एवढंच म्हणायचो. आणि त्या गल्लीतून जाणं सोडलं."

भाचीने 'जाऊ दे' म्हटलं नाही. तिने त्यांचा सुई टोचलेला हात आपल्या हातात घेतला आणि बसून राहिली. वॉर्डात कुणाच्या तरी सलाइनचं यंत्र किणकिणलं, नर्स येऊन बंद करून गेली.

"सात," मामा शेवटी म्हणाले.

पाचव्या दिवशी सुईचं औषध थांबवून गोळ्या सुरू झाल्या आणि ते घरी आले. सातव्या दिवशी शेवटची गोळी घेतली. आठव्या दिवशी मात्र त्यांचं सगळं तत्त्वज्ञान गुंडाळलं गेलं; सकाळपासून दर तासाला थर्मामीटर. चौथ्या वेळी मामींनी तो काढून घेतला आणि कुठे ठेवला ते सांगितलं नाही. ताप काही आला नाही. पुढच्या आठवड्यातही आला नाही. गाठीच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तोवर नळी आणि तिची पिशवी हा मामांच्या चिडचिडीचा हक्काचा विषय झाला.

एका रविवारी भाची भेटायला आली तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून, सैल विजारीखाली पिशवी लपवून तयार बसले होते. "गाडी काढ," ते म्हणाले. "घड्याळजीकडे जायचंय. एकट्याला धीर होत नाही."

दुकान होतं तसंच होतं, पेटीएवढं. घड्याळजी म्हातारा झाला होता. डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसला होता आणि त्याच्या पाठीवर नखाचं टोक टेकवून धडधड चाचपत होता. मामांना बघताच त्याने भिंग काढलं.

"डॉक्टर!" ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलला. "सावकाश बोला. ओठ वाचतो मी."

मामा सावकाश बोलले. सगळं बोलले: नववा दिवस, शिट्टी, 'पाचच दिवस राहिलेत' असं आपण म्हणालो ते, पुस्तकात वाचलेलं तेही. भाची दारातच उभी राहिली. आतमध्ये तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

घड्याळजी शेवटपर्यंत त्यांच्या ओठांकडे बघत होता.

"हे मला कानाच्या डॉक्टरने तेव्हाच सांगितलं," तो म्हणाला. "दोन वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. अगदी निवडक. मग कंटाळा आला. पण तुम्ही रस्ता बदलून जायला लागलात ना, त्याचा राग नाही गेला. मला वाटायचं, हा माणूस एकदा तरी आत येऊन विचारेल, कसा आहेस."

मामांचे ओठ थरथरले. त्यातलं काही वाचता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी कसंबसं विचारलं, "कसा आहेस?"

"गुडघे दुखतात," घड्याळजी म्हणाला. त्याने कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं, फडक्याने पुसलं आणि भाचीकडे बघून म्हणाला, "ताई, तासाभराने या. यांना बसू दे."