फाटकावरची निळी बाटली

मी बाटली बोलतेय. जयपूरच्या वैशाली नगरात, एका घराच्या फाटकाला तारेनं बांधलेली, निळ्या पाण्याची बाटली. हसू नका. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या फाटकाला माझी एखादी बहीण लटकलेली आहे. निळं पाणी पाहिलं की कुत्रं जवळ येत नाही, असा इथल्या लोकांचा पक्का समज.

जन्मानं मी थंड पेयाची. वल्लरीच्या सातव्या वाढदिवसाला घरात आले आणि तासाभरात रिकामी झाले. कचऱ्यातच जायची, पण तिचे बाबा अनिमेष यांनी मला धुतलं, पाण्यात चमचाभर नीळ घातली आणि फाटकाला टांगलं. विमा कंपनीतल्या बदलीमुळे ही मंडळी वर्षापूर्वी सांगलीहून इथे आलेली. शेजाऱ्यांनी सांगितलं, यांनी ऐकलं.

कारण वल्लरी कुत्र्यांना भयंकर भ्यायची. गल्लीत भूरी नावाची एक तपकिरी कुत्री होती. शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची, तिथून घर जेमतेम शंभर पावलं. भूरी दिसली की वल्लरी दप्तर सांभाळत धूम ठोकायची, आणि ती पळाली की भूरी भुंकत मागे लागायची. वल्लरीची आई, मंजुषा, गच्चीतून ओरडायची, "पळ वल्लरी, पळ!"

खरं सांगू? मला भूरी एकदाही भ्याली नाही. माझ्याच खाली ती दुपारी पाय पसरून झोपायची. ती भ्यायची ती मुलांना. मागच्या होळीला काही मुलांनी तिच्या पिल्लांवर दगड मारले होते. तेव्हापासून धावणारे बूट ऐकले की तिचं अंग थरथरायचं, आणि थरथरतच ती भुंकायची. एक घाबरून पळायची, दुसरी घाबरून भुंकायची. मधे मी. पण मला विचारतो कोण!

हे ओळखलं समोरच्या भगवानजींनी. निवृत्त शिक्षक, रोज सकाळी भूरीला रोटी घालायचे. एकदा त्यांनी रडत येणाऱ्या वल्लरीला थांबवलं. "बिटिया, वो भी डरती है. भागना मत. हाथ नीचे, नजर जमीन पर, और मन में पहाड़ा बोलना."

दुसऱ्या दिवशी वल्लरी खरंच जागच्या जागी उभी राहिली. पाढे आईनं मराठीतून शिकवलेले. "बे एके बे, बे दुणे चार..." ओठ नुसते थरथरत होते. भूरी दोनदा भुंकली, थबकली, जमीन हुंगली आणि निघून गेली. त्या दिवशी मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू!

पंधरा दिवसांत वल्लरी पाचाच्या पाढ्यावर आली आणि भूरी चार हातांवर बसून ऐकू लागली. आईला गच्चीतून भगवानजींच्या भिंतीआडचं हे दिसायचं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई रोज बसपाशी न्यायला आली असती.

मग तो मंगळवार. वल्लरी फाटकाबाहेर उकिडवी बसली आणि हात पुढे केला. भूरीनं मान लांब करून तिची बोटं हुंगली. शेपटी हलली, अगदी जराशी. तेवढ्यात गच्चीतून किंकाळी आली, "वल्लरी! पळ!"

वल्लरी दचकून पळाली. भूरी दचकून भुंकत मागे धावली. फाटकाच्या पट्टीत वल्लरीचा पाय अडकला, गुडघा फुटला, रक्त आलं. मंजुषा धावत खाली आली. "चावली ना? चावली ना तुला?"

वल्लरीनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी घाबरलेली आई तिनं कधीच पाहिली नव्हती. तिनं नुसती मान हलवली. हो म्हणून.

मंजुषाला मी दोष देत नाही. आईचं काळीज ते. डॉक्टर म्हणाले, खरचटल्यासारखं दिसतंय, तरी सुई घेऊन टाका. संध्याकाळी गल्लीतली माणसं जमली. भगवानजी नेमके लेकीकडे जोधपूरला गेलेले, नाहीतर दोन शब्द बोलले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्या तिघांनी रोटी दाखवून भूरीला जवळ बोलावलं, पोत्यात घातलं आणि टेम्पोतून पार शहराबाहेर कानोत्याच्या धरणाकडे सोडून आले. वल्लरी शाळेत होती. मी सगळं पाहिलं. पोतं बराच वेळ हलत होतं. तोंड मलाही आहे, पण त्यावर झाकण घट्ट.

शाळेतून आल्यावर वल्लरीनं सगळी गल्ली पालथी घातली. मग फाटकापाशीच हुंदके देत म्हणाली, "आई, ती चावली नव्हती. मतलब, मी पडले होते. तू इतकी घाबरली होतीस ना, म्हणून मी हो म्हटलं."

मंजुषा तिथेच पायरीवर बसली. रविवारी आई, बाबा आणि वल्लरी कानोत्याला गेली. सहलीला आलेल्या लोकांना विचारलं, धरणाच्या कडेकडेनं हाका मारल्या. परत आल्यावर फाटकापाशी अनिमेष शेजाऱ्यांना सांगत होते, तेव्हा हे मला कळलं. पुढच्या रविवारीही गेली. भूरी सापडली नाही.

आता उन्हानं माझा रंग विटलाय, अंगाला तडे गेलेत. एखाद्या वावटळीत तार तुटेल आणि मी जाईन. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते परवाचं.

परवा गल्लीत एक पिल्लू आलं. पांढरं, लटपटत्या पायांचं. थेट वल्लरीच्या बुटांशी येऊन शेपूट हलवू लागलं. वल्लरी आता कुत्र्यांना भीत नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं, वाकली, खडा उचलला आणि त्याच्या शेजारी जोरात मारला. "जा! माझ्याजवळ येऊ नको. तुला पण घेऊन जातील!" पिल्लू केकाटत पळालं. ती रडत घरात गेली.

जाता जाता एवढंच मागते. मूल घाबरून तुमच्याकडे आलं तर आधी त्याला पोटाशी धरा. मग विचारा, काय झालं? आणि विचारून गप्प बसा. उत्तर त्याचं त्याला देऊ द्या. फार वेळ लावू नका मात्र. शाळेची बस आली, बूट वाजले की ते पिल्लू आता घाबरून उभ्या गाडीखाली शिरतं.